लेकाला पायलट व्हायचंय: एक कोटी, सीनियॉरिटी आणि पुढची तीस वर्षं

ठाकुर्लीचा_बाबा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुलगा बारावीला आहे, फिजिक्स-मॅथ्स घेऊन. इंजिनीअरिंगचे फॉर्म भरायची वेळ आली आणि साहेब म्हणाले, पायलट व्हायचंय. तसं हे अगदी अचानक नाही. पाचवीपासून मोबाइलवर ते विमानांचं अ‍ॅप उघडून बसतो. वरून आवाज गेला की ताटावरून उठून 'ही दुबईची' म्हणून सांगतो. मला वाटलं होतं, मिसरूड फुटलं की जाईल. गेलं नाही.

दोन ठिकाणी चौकशी करून आलो. एकीकडे एअरलाइनशी जोडलेला कॅडेट प्रोग्रॅम, खर्च एक कोटीच्या वर. दुसरीकडे साधी फ्लाइंग स्कूल, ५०-६० लाख, आणि नंतर टाइप रेटिंगचे (एका विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण आणि परवानगी) वेगळे. पहिल्या ठिकाणच्या समुपदेशक बाईंनी चहा पाजला आणि म्हणाल्या, "सर, एकदा आत शिरला की सीनियॉरिटी आपोआप वाढत जाते, मग आयुष्यभर बघायला नको."

मी सरकारी नोकरीतला माणूस. सीनियॉरिटी म्हणजे काय ते मला कळतं. ज्येष्ठता यादीत नाव, नावापुढे नंबर, वरचा रिटायर झाला की आपण एक घर वर. पण ही खासगी कंपनीतली सीनियॉरिटी कशी असते? कंपनी बदलली तर सोबत येते का? आणि मुख्य म्हणजे तीस वर्षं पुरते का? राहता फ्लॅट गहाण टाकायचा आहे, म्हणून विचारतोय.

कटिंगचहा
पहिला!
एक कोटीत बदलापूरला दोन फ्लॅट घ्या. भाडं येईल, मुलगा गच्चीवरून विमानं बघेल.

रुमाल_टाकला
विषय आवडला. रुमाल टाकून ठेवतो. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

तीनपट्टी
बाबा, मी एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे, सहावं वर्ष. आयडी खांद्यावरच्या तीन पट्ट्यांवरून घेतलाय, पत्त्यांवरून नाही. (बायकोच्या मते दोन्ही एकच.)

सीनियॉरिटी म्हणजे कंपनीच्या यादीतला नंबर. बहुतेक ठिकाणी तुम्ही ज्या बॅचमध्ये जॉइन झालात तिची तारीख धरतात, आणि मग त्या बॅचमधला क्रम. लायसन्स कधी आलं, मार्क किती पडले, आधी दुसरीकडे किती तास उडवले, हे त्या नंबरात उतरत नाही. कमांडच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या ट्रेनिंगला नाव कधी येणार, कुठला बेस (जिथून ड्युटी सुरू होते ते शहर) मिळणार, मोठ्या विमानावर कधी जाणार, सुट्टीत कोणाचा अर्ज आधी उघडणार, या सगळ्यावर त्या नंबराची सावली असते.

नंबर आला म्हणजे कॅप्टनच्या चार पट्ट्या मिळाल्या असंही नाही. एटीपीएलला (कॅप्टनला लागणारं लायसन्स) किमान १५०० तास लागतात, त्यावर प्रत्येक कंपनी आपले निकष चढवते, मग सिम्युलेटर, मग लाइनवर, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांत तपासणी. कमांड ट्रेनिंगमध्ये आपटलात तर मागचे पुढे जातात. म्हणजे नंबर ही रांग आहे, तिकीट नाही.

आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. कंपनी बदलली की नंबर तिथेच ठेवून यायचा. तास लॉगबुकात तुमच्यासोबत येतात, त्यांना किंमत असते. नंबर येत नाही.

मोटरमन_निवृत्त
आमच्या रेल्वेत यालाच बॉटम सीनियॉरिटी म्हणतात. स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये बदली मागितली की तिथल्या यादीत सगळ्यात खाली. पंधरा वर्षांची नोकरी असली तरी कालच्या पोराच्या मागे. माझा एक मित्र आई आजारी म्हणून भुसावळकडे गेला होता. आयुष्यभर ज्युनियर राहिला, पण आईजवळ राहिला.

धागाकर्ते ठाकुर्लीचे आहेत म्हणून त्यांच्या भाषेत सांगतो. कल्याणला गाडीत चढलात, खिडकी मिळाली. ती खिडकी त्या गाडीची. दादरला उतरून दुसरी गाडी पकडलीत की परत दारात लोंबकळणं आलं. तुम्ही कल्याणपासून बसून आलात याचं त्या डब्यातल्या कोणाला काय?

तीनपट्टी
काका, दंडवत. सहा वर्षं लोकांना समजावतोय, हे सुचलं नाही.

कटिंगचहा
आणि कुर्ल्याला गाडी रद्द झाली तर?

मोटरमन_निवृत्त
मग सगळेच रुळावरून चालत. खिडकीवालाही आणि दारातलाही.

चारपट्टी_दोनदा
कटिंगचहा गमतीत बोलले, पण रद्द झालेल्या गाडीतला मी एक आहे. म्हणून जरा सविस्तर.

माझी पहिली एअरलाइन बंद पडली. नाव लिहीत नाही, काही मित्रांची देणी अजून अडकली आहेत आणि त्या जखमेवर कोणी मीम टाकलेलं मला नको. मी तिथे कॅप्टन होतो, अकरा वर्षं काढली होती. यादीत वरच्या एक चतुर्थांशात. पुढच्या दोन-तीन वर्षांत रुंद, लांब पल्ल्याच्या विमानावर जायचं हे घरातही ठरल्यासारखं होतं, बायकोने तेवढ्यावर मुलाची शाळा बदलली होती. पगार आधी आठवडाभर उशिरा यायला लागला, मग महिनाभर, मग अर्धा. आम्ही विमानं उडवत राहिलो. लोक विचारतात, का सोडलं नाहीत? अहो, नंबर! एवढ्या वर्षांनी मिळालेला नंबर सोडून कोण जातो? जे ज्युनियर होते ते पहिल्याच उशिरा पगाराला निघून गेले. त्यांच्याकडे सोडण्यासारखं काही नव्हतं. आम्ही सीनियर शेवटपर्यंत बसून राहिलो.

नंतर सात महिने घरी. मग दुसरीकडे लागलो, पण कमांडच्या जागा नव्हत्या, म्हणून उजव्या, सहवैमानिकाच्या सीटवर, तीन पट्ट्या लावून. वय एकेचाळीस. पहिल्या महिन्यात रोस्टरवर कॅप्टनचं नाव वाचलं आणि हसू आलं. ज्या पोराला जुन्या कंपनीत मी क्रॉसविंडमध्ये, आडव्या वाऱ्यात विमान उतरवायला शिकवलं होतं, तो डाव्या सीटवर. तो पहिल्याच वाऱ्यात सोडून गेला होता. पूर्ण सेक्टरभर तो मला 'सर' म्हणत होता आणि मी त्याला. मुंबई-कोचीन-मुंबई. उतरल्यावर त्याने माझी बॅग उचलली, मी त्याला उचलू दिली नाही.

आता पुन्हा चार पट्ट्या आहेत. कडवटपणा नाही. पण बाबा, तुमच्या त्या समुपदेशक बाईंना एक विचारा. सीनियॉरिटी आपोआप वाढते हे बरोबर, पण कोणाची? कंपनी जगली तरच ना.

ढगफुटी
कॅप्टन, प्रतिसाद वाचून गप्प झाले.

रुमाल_टाकला
वाचनखूण साठवली.

फोकर_२७
मी सरकारी विमान कंपनीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. पार्ल्याला असतो. वरचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या वेळी वाटायचं, सरकार आहे, कंपनी बुडणार नाही, म्हणजे नंबर सुरक्षित. बुडाली नाहीच. विलीन झाली. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या आणि दोन याद्यांचं काय करायचं हा प्रश्न पुढ्यात आला. एका यादीतले लोक दहा वर्षांत कमांडर झालेले, दुसऱ्या यादीतले तेवढ्याच नोकरीत अजून उजवीकडे. भरतीची तारीख धरली तर एकावर अन्याय, कमांडची तारीख धरली तर दुसऱ्यावर. न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती बसली. २०१२ साली नव्या ड्रीमलायनर विमानाच्या ट्रेनिंगला कोणाचे वैमानिक जाणार यावरून एअर इंडियाच्या मूळ वैमानिकांनी संप केला, ५८ दिवस चालला. लोकांना वाटलं पगारासाठी. भांडण नंबराचंच होतं. मोठं विमान म्हणजे जास्त पैसा, जास्त मान, आणि पुढच्या पंचवीस वर्षांची वाट.

आम्ही एकाच कॅन्टीनमध्ये दोन टेबलांवर बसून जेवत होतो, हे आज सांगताना लाज वाटते.

सह्याद्री_एटीसी
काका, तो काळ गेला. आता आकडे बघा ना. एअर इंडियाने २०२३ च्या फेब्रुवारीत ४७० विमानं मागवली. जूनमध्ये इंडिगोने एकदम ५००. आकासाची ऑर्डर २२६ वर गेली. एका छोट्या जेटला साधारण पाच-सहा जोड्या वैमानिक लागतात. गुणाकार करा. पायलट पुरणार नाहीत. धागाकर्त्यांनी डोळे मिटून पाठवावं.

तीनपट्टी
डोळे मिटून लँडिंगसुद्धा करत नाहीत हो.

ऑर्डर म्हणजे विमान नव्हे. ती विमानं दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने येणार, त्यात जुनी परत जाणार. शिवाय आलेलं विमान उडतंच असं नाही. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांचा घोळ आठवा, २०२४ मध्ये एकट्या इंडिगोची सत्तरहून जास्त विमानं जमिनीवर होती. जमिनीवरच्या विमानाला पायलट लागत नाही, वॉचमन लागतो.

आणि 'पायलट कमी आहेत' हे अर्धंच वाक्य आहे. कॅप्टन कमी आहेत. २०० तासवाले, नुकतं लायसन्स मिळालेले नव्हेत. २०२३ साली डीजीसीएने (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) १६२२ सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाची लायसन्स दिली. तेवढे जण त्या वर्षी कामाला लागले का, ते ढगफुटींना विचारा.

ढगफुटी
मला ओढलंच शेवटी. ठीक आहे.

सीपीएल मिळून अडीच वर्षं झाली. गोंदियाच्या बाजूला ट्रेनिंग केलं, उन्हाळ्यात तिथे विमानात बसणं म्हणजे तंदूरमध्ये बसणं. हवामान, नेव्हिगेशन, रेग्युलेशन्स, टेक्निकल, सगळे पेपर सत्तरच्या वर, आरटीआर (रेडिओवर बोलायचा परवाना) पहिल्या झटक्यात. २०० तास झाले, त्यातले १०० एकटीच्या जबाबदारीवर. घरी पेढे वाटले. तेव्हापासून दोन एअरलाइनच्या परीक्षा झाल्या. एका ठिकाणी सगळे टप्पे पास होऊन 'पूल'मध्ये आहे. पूल म्हणजे काय, तर बोलावलं तर जायचं. तोवर पोहायचं.

लोकांना कळत नाही की लायसन्स हे लोणच्यासारखं मुरत नाही, दुधासारखं नासतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडवायची परवानगी) दरवर्षी जागं ठेवायचं, त्यासाठी विमान भाड्याने घ्यायचं. मेडिकल. शिकवणीला जाते, बारावी झालेल्या पोरांना ढगांचे प्रकार शिकवते. त्यात माझा खर्च निघतो, बाबांचं कर्ज नाही.

टाइप रेटिंग स्वतःच्या खर्चाने करून घे, असं सगळे सुचवतात. वीस लाख घालून एअरबसचं केलं आणि बोलावणं बोइंगवाल्याकडून आलं तर?

आत्ता रडगाणं वाटेल, पण हिशेबाची एक गोष्ट आहे. माझ्याबरोबरची एक मुलगी माझ्या चार महिने आधी तास पूर्ण करून बाहेर पडली. तेव्हा भरती जोरात होती. ती आज लाइनवर आहे, दीड वर्षात तिच्या मागे काही शे लोक लागले. माझं विमान तेव्हा मेंटेनन्सला होतं, पावसाळा लांबला, चार महिने गेले. चार महिन्यांची कदाचित चार वर्षं होतील. तिच्यात आणि माझ्यात उडवण्यात काही फरक नाही. असलाच तर माझं लँडिंग बरं होतं. :)

चारपट्टी_दोनदा
ताई, हेच ते. आमच्या धंद्यात जॉइनिंगची तारीख ही जन्मतारीख आणि कंपनी ही कुंडली. हात किती चांगला यावर नोकरी टिकते, पण नशीब तारखेवर.

हप्तेवाला
बँकेत कर्ज विभागात होतो. भावना बाजूला ठेवून आकडे मांडतो.

एक कोटी, साडेदहा टक्के, दहा वर्षं. हप्ता साधारण १ लाख ३५ हजार. आता गंमत. शिक्षण दोन वर्षं, त्या काळातलं साधं व्याज २१ लाख, ते भरलं नाही तर मुद्दलात. नंतर ढगफुटींसारखी दोन वर्षं वाट बघावी लागली तर आणखी तेवढंच. म्हणजे मुलगा पहिला पगार आणेल तेव्हा कर्ज दीड कोटीच्या आसपास आणि हप्ता दोन लाखांच्या घरात. नवीन फर्स्ट ऑफिसरचा हातात येणारा पगार त्याच घरात असतो. म्हणजे तो उडवेल, बँक खाईल.

कॅप्टन झाल्यावर चित्र पालटतं हे मान्य. म्हणजे सगळा प्रश्न उजव्या सीटवर किती वर्षं काढावी लागतात हा आहे. पाच वर्षं की दहा? यावर कर्ज फिटतं की फ्लॅट जातो ते ठरतं.

ठाकुर्लीचा_बाबा
हप्तेवाले साहेब, हा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. तिने चष्मा काढून ठेवला.

एडिसनकर
इकडे अमेरिकेत सीनियॉरिटी म्हणजे धर्मच. माझा शेजारी मोठ्या एअरलाइनमध्ये कॅप्टन. त्याला त्याचा नंबर मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्का पाठ आहे. कुठलं विमान, कुठला बेस, कुठली ट्रिप, नाताळची सुट्टी, सगळं बोली लावून नंबराप्रमाणे. कपात आली तर शेवटचा आलेला पहिला बाहेर. तिथे युनियन ते लिहून घेते, हा मोठा फरक.

विलीनीकरणाचं दुखणं मात्र सारखंच. २००१ साली अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही विमान कंपनी घेतली तेव्हा टीडब्ल्यूएच्या बऱ्याच वैमानिकांना यादीच्या शेपटीला टाचलं होतं. त्यावरून इतका आरडाओरडा झाला की २००७ मध्ये कायदा करावा लागला, याद्या जोडताना न्याय्य पद्धत हवी, नाहीतर लवाद. आणखी एक. त्याच वर्षाच्या शेवटी निवृत्तीचं वय ६० चं ६५ झालं. वरचे खूश. खालच्यांची रांग पाच वर्षं हललीच नाही, त्यात २००८ ची मंदी. वरच्या माणसाचं वय वाढवलं की खालच्याचा नंबर गोठतो.

फोकर_२७
आणि आम्ही अठ्ठावन्नाला घरी बसलो. एअर इंडियाने आता २०२५ मध्ये वैमानिकांचं ६५ केलं. मी सहीसलामत आहे हो अजून, कोणाला सिम्युलेटरवर माणूस हवा असेल तर.

कटिंगचहा
काका, विमान नाही तर निदान हा धागा तरी तुम्ही उडवताय.

सौ_रोस्टर
सगळे पुरुष नंबर आणि विमानं करताहेत. मी घरच्या बाजूने लिहिते. नवरा फर्स्ट ऑफिसर, मी मुलुंडला.

त्याला पहिला बेस मुंबई मिळाला नाही. मुंबई सगळ्यांना हवी, रांग मोठी. पावणेतीन वर्षं कोलकाता. मी इथे, सासूबाई इथे, मुलगी झाली तीही इथे. तो सुट्टीच्या दिवशी कंपनीच्याच विमानात रिकामी सीट असेल तर येणार, नसेल तर विमानतळावरून फोन. मुंबई बेस मिळाला त्या दिवशी आमच्याकडे साखरपुड्यासारखं वातावरण होतं.

गणपतीचं सांगते. आमच्याकडे दीड दिवसाचा. चार वर्षं अर्ज केला, चार वर्षं नामंजूर, कारण त्या आठवड्यात मुंबईतल्या अर्ध्या मराठी पायलटांना रजा हवी असते आणि वर सीनियर बसलेले असतात. पाचव्या वर्षी मंजूर झाली. सासूबाई म्हणाल्या, आता तुझा नवरा मोठा माणूस झाला. पगार वाढला तेव्हा म्हणाल्या नव्हत्या.

तीनपट्टी
सौ_रोस्टर, +१००. गणपतीत मिळालेली रजा हीच खरी सीनियॉरिटी. बाकी एक्सेल शीट.

बेलापूरचा_बंडू
अवांतर: आता नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय ना २०२५ च्या डिसेंबरात, मग बेस तिकडे मिळाला तर पनवेलकरांची मजा. ठाकुर्लीहून पण जवळ.

सौ_रोस्टर
मुलुंडहून नाही! ऐरोली पूल पहाटे साडेतीनला सुद्धा कधी कधी दगा देतो.

नथीतून_तीर
अवांतर २: मराठी माणूस पायलट होतच नाही, सगळे दिल्ली-चंदीगडवाले. कॉकपिटमधून एक तरी मराठी घोषणा ऐकलीय का?

फोकर_२७
ताई किंवा दादा, सौदामिनी देशमुख हे नाव ऐकलंय? १९८५ साली इंडियन एअरलाइन्सच्या फोकरवर पहिल्यांदा पूर्ण महिलांचा क्रू गेला, कमांड त्यांची होती. कालिकतच्या विमान अपघातात २०२० मध्ये गेलेले कॅप्टन दीपक साठे. वायुदलातून आलेले तर कितीतरी. मराठी माणूस होतो पायलट. सांगत फिरत नाही एवढंच.

नथीतून_तीर
माघार. माहिती नव्हतं.

कटिंगचहा
या फोरमवर कोणी माघार घेतली! स्क्रीनशॉट काढा रे.

सह्याद्री_एटीसी
मघाशी माझी टिंगल झाली, चालतं. पण एक बाजू कोणीच मांडली नाही. नियम बदललेत. नव्या ड्युटी-विश्रांतीच्या नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली. रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोन. दुसरा टप्पा २०२५ च्या १ नोव्हेंबरला लागू झाला आणि डिसेंबरात इंडिगोची काय अवस्था झाली ते आपण सगळ्यांनी विमानतळावर बॅगांच्या डोंगरात बघितलं. हजारो उड्डाणं रद्द. शेवटी डीजीसीएला २०२६ च्या १० फेब्रुवारीपर्यंत काही सूट द्यावी लागली. म्हणजे तेवढीच विमानं उडवायला आता जास्त माणसं लागणार. हे भरतीच्या बाजूचं आहे की नाही?

तीनपट्टी
आहे. हा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि मघाचा टोमणा मागे. लागोपाठच्या रात्री जागून चौथ्या पहाटे मुंबईच्या पावसात उतरणं काय असतं ते मला विचारा. पण त्या डिसेंबरानेही कॅप्टनची टंचाई दाखवली. २०० तासवाला आज घेतला तर डाव्या सीटवर यायला वर्षं लागतात. कंपन्यांनी पेरणी आधी करायला हवी होती. आता उगवेल तेव्हा उगवेल.

हप्तेवाला
एक शंका. पायलट कमी, मग ते पगार वाढवून कुठेही जाऊ शकत असतील ना? नंबर गेला तर गेला.

चारपट्टी_दोनदा
कागदावर. २०१७ च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला एक वर्षाची नोटीस, फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची. ती न देता गेलात तर काय होतं, तेही बघितलं. २०२३ मध्ये आकासाचे ४३ वैमानिक नोटीस न पुरवता गेले म्हणून कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. वर बॉन्ड असतो तो निराळा. त्यामुळे बरेच जण थेट आखातात जातात. तिथे करार बघून जायचं, पैसे चांगले, पण तिथल्या रांगेतही तळाशीच उभं राहायचं.

शिवाय पगार म्हणजे नुसता आकडा नाही. हमीचे तास (कमी उडवले तरी ज्यांचे पैसे मिळतात ते) किती ते बघायचं. २०२४ च्या एप्रिलमध्ये विस्ताराच्या वैमानिकांची कुरबुर झाली आणि उड्डाणं रद्द झाली, त्याचं मूळ तेच होतं. एअर इंडियातल्या विलीनीकरणाच्या नव्या करारात हमीचे ७० तास ४० वर येणार होते. पन्नास तास उडवले तर आधी सत्तरचे मिळाले असते, आता पन्नासचेच. घरचा हप्ता मात्र सत्तरच्या हिशेबाने ठरवलेला.

संपादक_मंडळ
धागा चांगला चालू आहे. ऐरोली पुलासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. मूळ प्रश्नावर यावे.

फोकर_२७
मूळ प्रश्नावर येतो. ठाकुर्लीकर, मी तुमच्या जागी असतो तर क्रम उलटा केला असता. आधी पैसे आणि मग बाकीचं नाही. आधी मेडिकल. क्लास टू ही प्राथमिक तपासणी करून घ्या, मग क्लास वन. खर्च हजारांत आहे, कोटीत नाही. रंगांधळेपणा, कानाचं काहीतरी, असं ऐकून पाच-दहा लाख भरल्यानंतर घरी आलेली मुलं मी पाहिली आहेत. मग डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर (परीक्षेचा नोंदणी क्रमांक) काढा आणि घरी राहून पेपर देऊ द्या. तीन पेपर सुटले की कळेल आवड आहे की अ‍ॅप आहे.

आणि सोबत पदवी. मुक्त विद्यापीठाची का असेना. एकदा मेडिकलने जमिनीवर बसवलं की लॉगबुक दाखवून दुसरीकडे नोकरी मिळत नाही.

ढगफुटी
काकांना अनुमोदन. आणि कॅडेट प्रोग्रॅमवाले नोकरीचं जे 'कंडिशनल' (सशर्त) पत्र देतात ते वकिलाला दाखवा. त्यातल्या अटी कोणाच्या हातात आहेत ते बघा. एक मात्र प्रामाणिकपणे सांगते. आज परत निवडायचं झालं तर मी जास्त पैसे देऊन रांगेतली जागा घेतली असती की नाही, मला ठरवता येत नाही.

चारपट्टी_दोनदा
मी हेच सांगणार होतो. वरचे जे पैसे ते मागतात ते शिकवण्याचे नाहीत, रांगेतल्या जागेचे आहेत. ती जागा वीस-पंचवीस वर्षं उभं राहील अशा दुकानासमोर आहे का, एवढं बघा. त्या दुकानाची विमानं कर्जावर किती, तेल महागल्यावर मागच्या वेळी काय केलं, पगार कधी थकले का. किंगफिशर २०१२, जेट २०१९, गो फर्स्ट २०२३. तिन्हींसमोर रांग होती.

ठाकुर्लीचा_बाबा
आठ दिवसांनी परत आलो, उशिराबद्दल क्षमस्व. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः कॅप्टन साहेब, ढगफुटी ताई आणि फोकर काका. सगळा धागा प्रिंट काढून घरी वाचला.

क्लास टू मेडिकलची वेळ घेतली आहे, पुढच्या गुरुवारी. फ्लॅट सध्या जागच्या जागी. एका वर्षात पेपर काढ, मग धुळे, बारामती, गोंदिया सगळीकडे जाऊन बघू, असं ठरलंय. बीएस्सीचा फॉर्मही भरला. कॅडेटवाल्या बाईंचा काल परत फोन होता, 'सर, या बॅचच्या तीनच जागा उरल्यात.' मी म्हटलं, कंपनीचा ताळेबंद पाठवा. अजून आला नाही.

मुलानेही पूर्ण धागा वाचला. रात्री जेवताना बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, मोटरमनची भरती कधी निघते?"

मोटरमन_निवृत्त
थेट मोटरमन होता येत नाही म्हणावं त्याला. आधी असिस्टंट लोको पायलट. म्हणजे आमच्याकडेही पायलटच, आणि सुरुवात तळापासून.